कातडीनं पाणी पिणारा जीव: बेडूक पाळणाऱ्यांचे प्रश्न

मृगाच्या आसपास बेडकांविषयीची पत्रं वाढतात. त्यातली सहा या वेळी घेतली आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगतो, कारण जवळपास प्रत्येक उत्तर फिरून तिथंच येतं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या भागात, मांड्यांच्या मधे, त्याची कातडी फार पातळ असते. तिथून तो पाणी शोषतो, आणि श्वासही काही अंशी कातडीतूनच घेतो. तो ज्या मातीवर बसतो, ज्या पाण्यात बसतो आणि ज्या हातावर बसतो, त्यातलं बरंवाईट थेट त्याच्या रक्तात उतरतं.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): मुलाच्या वाढदिवसाला पॅकमॅन बेडूक आणला. दोन महिने रातकिडे छान खात होता. मे महिन्यात त्यानं खाणं सोडलं आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) रुतून बसला. आता अंगावर कोरड्या पापुद्र्यासारखं काहीतरी दिसतंय, डोळे मिटलेले आहेत. मुलगा रोज विचारतो, तो मेला का?

उत्तर: तो जिवंत असण्याची शक्यता बरीच आहे. मुलाला आधी तेवढं सांगा.

पॅकमॅन हा दक्षिण अमेरिकेतला बेडूक. तिकडे कोरडा ऋतू आला की तो जमिनीत शिरतो आणि गळालेल्या कातडीचे थर अंगावर तसेच ठेवून एक आवरण करून घेतो. आतला ओलावा त्यामुळे टिकतो. तुमच्या पेटीत मे महिन्यात कोरडा ऋतूच आला होता. बेळगावची हवा थंड, हे आपण अभिमानानं सांगतो, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या माडीवर दुपारी काय होतं ते आपल्यालाही ठाऊक आहे. या बेडकाला 24 ते 28 अंश सेल्सिअस मानवतं. पारा 30 च्या वर राहिला तर त्याचा जीव धोक्यात येतो.

पापुद्रा नखानं सोलू नका. खाली जिवंत, नाजूक कातडी आहे. पसरट भांड्यात क्लोरिन गेलेलं, खोलीच्याच तापमानाचं पाणी घ्या. ते त्याच्या हनुवटीच्या वर येता कामा नये, कारण पॅकमॅनला नीट पोहता येत नाही आणि तो खरोखर बुडून मरतो. माती बाजूला करून त्याला अलगद उचला, त्या पाण्यात ठेवा आणि खोलीत अंधार करा. अर्ध्या-एक तासात पापुद्रा सैल होईल, मग तो मागच्या पायांनी ओढून तोंडात कोंबेल आणि गिळून टाकेल. मुलाला जवळ बसवून हे दाखवा. गिळताना डोळे आत ओढले जातात आणि घास मागे ढकलायला मदत करतात. इतक्या जवळून ते पाहिलेलं मूल तो बेडूक कधी विसरत नाही.

दिवसभरात काहीच हालचाल झाली नाही, अंग फुगलेलं दिसलं किंवा दुर्गंधी आली, तर थांबू नका, पशुवैद्याकडे न्या.

आता कोकोपीट. रोपवाटिकेत मिळणाऱ्या कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असतं, कधी खत मिसळलेलं असतं. माझा स्वतःचा एक बेडूक मी याच चुकीनं गमावला. कोकोपीटची वीट फोडली, भिजवली आणि तशीच पेटीत भरली. तिसऱ्या दिवशी तो सारखा मातीतून वर येऊन भांड्यात जाऊन बसायला लागला. तो पळू पाहत होता हे मला कळलं नाही, मला वाटलं त्याला पाणी आवडतंय. तेव्हापासून मी कोकोपीट तीन-चार वेळा स्वच्छ पाण्यात धुऊन, फडक्यात घट्ट पिळून मगच वापरतो. थर तीन-चार इंचांचा असावा. मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. खडी किंवा रंगीत दगड अजिबात घालू नका, घासाबरोबर ते पोटात जाऊन अडकतात.

उन्हाळ्यात थंडाव्यासाठी खानापूरचं मातीचं मडकं घ्या, चकाकी न चढवलेलं. त्याचा अर्धा भाग पेटीत पालथा ठेवून रोज ओला करा. त्याहून चांगली लपायची जागा मला माहीत नाही. आणि पेटी माडीवरून खालच्या खोलीत आणा.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): फिशटँकमध्ये पांढऱ्या रंगाचे दोन आफ्रिकन बेडूक सोडले. महिन्याभरात सगळे गप्पी गायब झाले. पाण्याला वास येतो, आठवड्यात दोनदा सगळं पाणी बदलूनही बेडूक सुस्त आहेत. आम्ही तांब्याच्या हंड्यातलं शुद्ध पाणी घालतो. जमत नसेल तर त्यांना नाल्यात सोडावं का?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेतो. सोडू नका, कुठल्याही परिस्थितीत नाही.

तुमच्याकडचा झेनोपस, म्हणजे आफ्रिकेतला नखवाला बेडूक. त्याच्या मागच्या पायांच्या तीन बोटांना काळी नखं दिसतील. याला जीभ नसते. पुढच्या पायांनी तो घास तोंडात कोंबतो, आणि तोंडात मावेल ते सगळं खातो. तुमचे गप्पी तिकडेच गेले. 1930 च्या दशकापासून गरोदरपणाच्या चाचणीसाठी दवाखान्यांतून हे बेडूक जगभर नेले गेले आणि पुढे कित्येक देशांत मोकळे सुटून तिथल्या तळ्यांत स्थिरावले. तुमच्या जवळचा बळ्ळारी नाला पावसाळ्यात शेतांवरून पसरतो. एकदा तिथं गेलेला प्राणी परत गोळा करणं कुणाच्या हातात नाही.

त्याहून मोठा धोका कायट्रिड बुरशीचा. ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते आणि कातडीतून होणारी क्षारांची देवघेव बिघडवते. शेवटी हृदय थांबतं. 2019 च्या एका जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे 500 हून अधिक जातींची संख्या घटली आणि 90 जाती नाहीशा झाल्याचं मानलं जातं. झेनोपस स्वतः आजारी न दिसता ही बुरशी बाळगू शकतो. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती आढळली आहे. बेळगावहून दीड-दोन तासांच्या वाटेवर आंबोलीचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, आहेत. तिथला एक भेक (खडबडीत कातडीचा बेडूक) त्या परिसराबाहेर जगात कुठंच नाही. आपल्या टँकमधलं पाणी त्याच्यापर्यंत पोचू नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे. बदललेलं पाणी नाल्यात, विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नका. ब्लीचिंग पावडर टाकून बादली दिवसभर ठेवा आणि मग मोरीत सोडा. बेडूक ठेवणं खरंच जमत नसेल, तर जिथून आणले त्या दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

पाण्याकडे वळतो. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याला चालतं, बेडकाला ते विष आहे. विरघळलेलं तांबं कातडीतून आत जातं. सुस्तीमागे तेच असेल असा माझा दाट संशय आहे. फिल्टरमधून क्षार काढून टाकलेलं पाणीही एकटं वापरू नका. नळाचंच पाणी घ्या. राकसकोप धरणाचं असो की हिडकल धरणाचं, क्लोरिन असतोच. प्लॅस्टिकच्या पसरट टबात ते 24 तास उघडं ठेवा, पावसाळ्यात नळाला जास्त वास येतो तेव्हा दोन दिवस ठेवा. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरिन मारायचं औषध मिळतं.

आणि सगळं पाणी एकदम बदलणं थांबवा. बेडकाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याला निरुपद्रवी करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला काही आठवडे लागतात. तुम्ही दर वेळी टँक घासून काढता, त्यामुळे ते वाढतच नाहीत. आठवड्याला चौथाई ते तिसरा हिस्सा पाणी बदला. स्पंज नळाखाली न धरता टँकमधून काढलेल्याच पाण्यात खंगाळा. फिल्टरचा झोत मंद ठेवा, कारण हा बेडूक पाण्यातली हालचाल अंगावरच्या संवेदनशील रेषांनी टिपतो आणि सततच्या झोतानं त्रासतो. त्याला 18 ते 22 अंशांचं पाणी बरं वाटतं. झाकण घट्ट हवं, झाकण नसेल तर तो सकाळी फरशीवर सापडेल.

घरात लहान मुलं असतील तर एक सूचना. टँकची भांडी स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नका. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत पाळीव पाणबेडकांपासून 200 हून अधिक लोकांना साल्मोनेला या जिवाणूची बाधा झाली, त्यात बहुतेक लहान मुलं होती. टँकला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, एवढं पुरे.

प्रश्न (निपाणी): माझ्याकडे हिरवा ऑस्ट्रेलियन झाडबेडूक आहे. भाऊ तंबाखूच्या वखारीत कामाला असतो. संध्याकाळी येताना शेतातले नाकतोडे आणतो आणि बेडकाला हातावर घेऊन भरवतो. परवा बेडूक थरथरायला लागला, पाय ताणून पडून राहिला.

उत्तर: तुमच्या भावाचा जीव आहे त्या बेडकावर, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं. वखारीत दिवसभर पाला हाताळलेल्या हातांवर निकोटीन असतं. आपल्या जाड कातडीतूनसुद्धा ते शिरतं, ओली पानं तोडणाऱ्यांना मळमळ होते ती त्यामुळेच. बेडकाच्या कातडीला तर काहीच आडकाठी नाही. थरथर आणि ताठर पाय ही निकोटीनच्या विषबाधेची लक्षणं असू शकतात. नाकतोड्यांबरोबर आलेली कीटकनाशकंही तेच करू शकतात.

पुन्हा असं झालं तर लगेच क्लोरिनमुक्त, स्वच्छ पाण्याखाली हळू धार धरून त्याचं अंग धुवा. मग उथळ ताज्या पाण्यात ठेवा, ते पाणी तासाभरात दोन-तीनदा बदला, आणि डॉक्टरांना फोन करा.

इथून पुढे भावानं चिमटा वापरावा. हातात घ्यावंच लागलं तर पावडर नसलेले हातमोजे घालून ते आधी पाण्यात भिजवावेत. शेतातला एकही किडा नको, मग तो तंबाखूच्या शेतातला असो वा उसाच्या. रातकिडे घरीच वाढवता येतात. गांडुळं उत्तम, पण गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं घाण वासाचा द्रव सोडतात आणि पुष्कळ बेडूक ती थुंकून टाकतात. औषध न मारलेल्या परसातली साधी गांडुळं धुऊन द्या.

प्रश्न (चिकोडी): झाडबेडकाचा खालचा जबडा मऊ पडलाय, मागचे पाय वाकडे दिसतात. खातो, पण उडी मारत नाही. रोज रातकिडे देतो.

उत्तर: हाडं ठिसूळ झाली आहेत. रातकिड्यांत फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम फार थोडं असतं, म्हणून शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. डी-3 जीवनसत्त्व असलेली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची कॅल्शियम पावडर मिळते. पिशवीत चिमूटभर घेऊन त्यात किडे घोळवा. वाढत्या बेडकाला जवळजवळ प्रत्येक खाण्याबरोबर, मोठ्याला दोन-तीन खाण्यांआड एकदा. किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, रताळं, पालेभाजी खाऊ घाला. माणसांच्या गोळ्या कुटून देऊ नका, मात्रा चुकते. जबडा मऊ होण्याइतकी मजल गेली असेल तर डॉक्टर लागणारच. वाकलेली हाडं सरळ होत नाहीत, पण आजार थांबवता येतो आणि असे बेडूक पुढे वर्षानुवर्षं जगतात.

प्रश्न (हिंडलगा): मांड्या आतून लाल झाल्या आहेत. आई म्हणते हळद लाव. लावू का?

उत्तर: नको. हळद, मीठ, डेटॉल, जांभळं औषध, काहीच नको. आपल्या घरातली औषधं आपल्या कातडीसाठी आहेत.

मांड्यांची लाली जिवाणूंच्या संसर्गामुळे येते, तशी ती खरचटल्यानं किंवा घाण पाण्यानंही येते. नुसतं बघून ओळखता येत नाही. बाकीच्या बेडकांपासून त्याला वेगळं ठेवा. साध्या डब्यात ओला पांढरा टिश्यू अंथरा आणि सकाळ-संध्याकाळ बदला. लाली वाढली, त्यानं खाणं सोडलं किंवा कातडीचे तुकडे सुटायला लागले, तर तो दिवस वाया घालवू नका, पशुवैद्याकडे न्या.

आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्री पाहणारे. त्यांनी बेडूक कधी तपासला नसेल, म्हणून तयारीनं जा: बेडकाचं वजन, पेटीतलं तापमान, शेवटचं खाणं कधी झालं, विष्ठेचा आणि लालीचा फोटो. एवढं हातात असलं की डॉक्टर पुण्या-बेंगळुरूच्या विदेशी प्राणी पाहणाऱ्या सहकाऱ्याशी फोनवर बोलून मात्रा ठरवू शकतात. मात्रा वजनावर असते, म्हणून छोटा डिजिटल काटा घरी असावा. दर रविवारी वजन करून वहीत लिहा. बेडूक आजार लपवतो, पण वजन लपवता येत नाही.

प्रश्न (जांबोटी, इयत्ता सातवी): आमच्या शेताच्या डबऱ्यात पहिल्या पावसात पिवळेधमक बेडूक आले होते. गालांना निळे फुगे. मी एक पकडून हौदात ठेवलाय. आता तो पिवळा राहिला नाही आणि खातही नाही. डबऱ्यात पिल्लं पण आहेत. ती आणू का?

उत्तर: बाळ, तू फार नीट पाहिलं आहेस. तो आपल्याकडचा सगळ्यात मोठा बेडूक. नर पावसाच्या सुरुवातीला काही दिवसच पिवळा होतो, माद्यांना बोलावण्यासाठी. ते दिवस संपले की पुन्हा शेवाळी-तपकिरी होतो. तुझ्या हौदामुळे त्याचा रंग गेला नाही.

पण तो घरी ठेवायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडायला, ठेवायला आणि मारायला मनाई आहे. एके काळी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशी खाण्यासाठी जायचे. 1987 साली ती निर्यात बंद झाली, कारण बेडूक गेले की भातावरचे किडे खाणारं कुणी उरत नाही. आई-बाबांना हेही सांग.

आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याला ज्या डबऱ्यातून आणलंस तिथंच नेऊन सोड, दुसरीकडे नको. हात आधी नुसत्या पाण्यानं ओले कर, साबण लावू नकोस. सोडून झालं की मात्र साबणानं धू.

पिल्लंही तिथंच राहू देत. या जातीची पिल्लं दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, बादलीत ठेवलीस तर एकमेकांनाही सोडणार नाहीत. त्यापेक्षा एक वही कर. रोज शाळेतून येताना डबऱ्याशी पाच मिनिटं बस आणि तारीख घालून लिही. आधी मागचे पाय येतील, पुढचे नंतर. पुढचे आले की पिल्लू काही दिवस खाणं बंद करतं आणि आपल्याच शेपटीवर जगतं. ती शेपटी किती दिवसांत जिरते ते मोज. त्या दिवसांत पिल्लाला पाण्याबाहेर यायला काठ लागतो, नाहीतर ते बुडतं. डबऱ्याची कड उभी असेल तर बाबांना सांगून एका बाजूला तिरका दगड ठेव. वहीत काय निघालं ते दिवाळीच्या सुट्टीत मला लिहून पाठव.