कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर सहा जणांसाठी अर्ध्या दिवसाची खासगी यॉट घ्यावी का? काय बघून ठरवावं?

घ्या, पण आधी निघण्याचं ठिकाण बघा. बहुतेक बोटी उत्तरेकडच्या रॉडनी बेमधून सुटतात आणि सगळ्यांना बघायचे असतात ते नैऋत्येचे पिटन्स. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे दोन ज्वालामुखीजन्य सुळके सरळ समुद्रातून वर आलेत. शिडाच्या कॅटामरानने, म्हणजे जोड-सांगाड्याच्या बोटीने, तिथवर जाण्यातच अर्ध्या दिवसातला बराच वेळ संपतो. म्हणून चार तासच असतील तर वेगवान मोटर यॉट घ्या, नाहीतर दक्षिणेला मॅरिगो बेमधून चढा. निवांत शिडाचाच आनंद हवा असेल तर पिटन्सचा हट्ट सोडा, मॅरिगो बेपर्यंत जाऊन परत या. मला विचाराल तर तेच जास्त सुखाचं.

वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिम किनाऱ्याचं पाणी बऱ्यापैकी शांत असतं. तरी बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्याच. पिटन्सकडे गेलात तर स्नॉर्कलिंगला तिथला आन्स शास्तने किनारा उत्तम.

भाड्यात इंधन, जेवण आणि सागरी राखीव क्षेत्राचं शुल्क धरलंय का, हे लेखी घ्या. कर्मचाऱ्यांची टिप वेगळी, साधारण १५ ते २० टक्के. दर डॉलरमध्ये सांगितला तर कुठला डॉलर ते विचारा. १ अमेरिकन डॉलर म्हणजे २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, मासे चालत नाहीत हेही स्पष्ट सांगा.

जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. तेव्हा बुकिंग करताना पैसे परत मिळण्याची अट नीट वाचा.