सिस्टरबाईंना विचारा: ८५ प्रश्नांत पास, ८५ प्रश्नांतच नापास

(नर्सिंग स्कूलमध्ये सिस्टर ट्यूटर म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, रत्नागिरीत राहणाऱ्या बाई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न: बाई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय. चिपळूणला एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला असते. अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एनक्लेक्स परीक्षेची तयारी चालू आहे. माझ्या बॅचच्या दोघींनी ती दिली. दोघींचाही कॉम्प्युटर ८५ प्रश्नांवर बंद झाला. एक पास झाली, एक नापास. क्लासचे सर म्हणतात, ८५ वर थांबला की पासच. मग हे काय झालं? आणि पासिंगला टक्के किती लागतात?
– एक स्टाफ नर्स, गुहागर तालुका

उत्तर: सरांना सांग, फी परत द्या.

टक्के लागतच नाहीत गो बाय, हे आधी डोक्यातून काढ. आपल्याकडे पेपर सोपा निघो नाहीतर कठीण, थिअरीत ५० टक्के आणि प्रॅक्टिकलला वेगळे ५० टक्के, हा आकडा आधीच ठरलेला. एनक्लेक्समध्ये आकडा नाही, किमान कुवतीची एक रेघ आहे. तुझं उत्तर बरोबर आलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न जरा अवघड काढतो, चुकलं की जरा सोपा. खाडीत भरतीच्या आधी होडी घालायची झाली तर तांडेल बांबू टाकत टाकत पाणी बघतो ना, तसंच हे. इथे टाक, तिथे टाक, आणि होडी निघेल की रुतेल याची खात्री पटली की बांबू आत. एनक्लेक्सला कमीत कमी ८५ वेळा बांबू टाकावा लागतो. त्यातले १५ प्रश्न बिनगुणांचे, पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघायचे असतात, आणि ते कुठले हे तुला कळत नाही. त्यानंतर मुलगी रेघेच्या वर आहे की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. तुझी एक मैत्रीण स्पष्ट वर होती, दुसरी स्पष्ट खाली. इतकंच. खात्री होत नसेल तर प्रश्न १५० पर्यंत जातात, वेळ ५ तास. १५० पर्यंत गेलेली मुलगीही पास होते, तेव्हा ८६वा प्रश्न आला म्हणून हातपाय गाळू नकोस.

बाहेर आल्यावर मुली रडवेल्या होऊन फोन करतात, "बाई, निम्मे तरी चुकले असतील." चुकणारच! तुझ्या कुवतीला येऊन भिडणारेच प्रश्न तो शोधत असतो. हुशार मुलीलाही परीक्षा जडच वाटते.

आता ती रेघ कोण ओढतं? अमेरिकेतल्या राज्याराज्यांच्या नर्सिंग बोर्डांची मिळून एक संस्था आहे, एनसीएसबीएन. ती दर ३ वर्षांनी रेघ तपासून बघते. त्यासाठी जाणकार नर्सेसची समिती बसवतात. त्यांना सांगतात, एक काठावरची नवी नर्स डोळ्यांसमोर आणा. हुशार नव्हे, जेमतेम. पण तिच्या हाती रुग्ण सोपवला तर त्याला धोका होणार नाही अशी. मग एकेक प्रश्न घेऊन विचारतात, असल्या नर्सपैकी किती जणी हा बरोबर सोडवतील? आमच्या ५० टक्क्यांमागे असा विचार कोणी केलेला मला नोकरीभरात दिसला नाही.

आपला पेपर आठव. "शॉक म्हणजे काय ते सांगून त्याचे प्रकार व शुश्रूषा लिहा." पाठ केलेली मुलगी त्यात भरघोस मार्क घेते. आता हे बघ. रात्रपाळी, वॉर्डात तू एकटी. काल हर्नियाचं ऑपरेशन झालेले काका दुखतंय म्हणून हाका मारतायत. मधुमेहाच्या आजींचं जेवण आलंय आणि इन्सुलिन द्यायचं राहिलंय. डिस्चार्जच्या कागदांसाठी नातेवाईक तावातावाने टेबलाशी उभे आहेत. आणि संध्याकाळी बाळंत झालेली, आत्तापर्यंत गप्प पडलेली बाई चुळबुळ करायला लागलीय, नाडी १२४. आधी कोणाकडे जाशील? बाळंतिणीकडे. चुळबुळ आणि धावती नाडी म्हणजे रक्त जातंय, शॉकची सुरुवात असू शकते. बीपी अजून ठीक दिसेल, त्यावर विसंबू नकोस. पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का बघ, पॅड बघ, अंगाखालची चादर बघ. शॉकचे सगळे प्रकार घडाघडा लिहिणारी मुलगीही आधी नातेवाईकांकडे धावते, कारण आवाज त्यांचा मोठा असतो. एनक्लेक्स हेच तपासते. एप्रिल २०२३ पासून तर अख्खी केस समोर ठेवून तिच्यावर ओळीने ६ प्रश्न विचारतात, आणि अर्ध्या बरोबर उत्तराला थोडे गुणही देतात.

पण म्हणून तिची आरती ओवाळू नकोस. या परीक्षेत मुलीचे हात कोणी बघतच नाही. माऊसवर सुई टोचता येत नाही. ते इंग्लंडवाले बघतात. त्यांच्याकडे आधी कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग ओस्की, म्हणजे एकामागून एक १० ठिकाणी उभं राहून काम करून दाखवायचं. आपल्या प्रॅक्टिकलचा मूळ हेतू तोच आहे. बाहेरचा परीक्षक मुलीच्या शेजारी खाटेपाशी उभा राहिला तर ती कुठल्याही देशाच्या परीक्षेला हार जायची नाही. तो ऑफिसात चहा घेत व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, उरकायला लागला की संपलं.

पैशांचं सांगते. परीक्षेची फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर देत असशील तर वर १५० डॉलर, आणि तिथल्या राज्याच्या बोर्डाची फी निराळी. सेंटर मुंबईत आहे. नापास झालीस तर निदान ४५ दिवस थांबावं लागतं. क्लासला पैसे भरायच्या आधी एक चौकशी कर: तू ज्या राज्यात अर्ज करणार, ते जीएनएम डिप्लोमा मान्य करतं का? प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. आणि "खरे प्रश्न आधीच देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याच पावली परत फीर. तसली लबाडी सापडली तर निकाल रद्द होतो. एजंटाचं काही जात नाही, तुझं जातं.

प्रश्न: मुलगी बारावी झाली, तिला जीएनएमला घालायचंय. जवळच नवीन संस्था निघालीय. इमारत छान आहे, फी हप्त्यांनी घेतात, सरकारमान्य म्हणतात. काय काय बघून घेऊ?
– एक आई, कुडाळ

उत्तर: ताई, इमारत शेवटी बघा. आधी विचारा, हॉस्पिटल कुठे आहे? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक असा, की जीएनएमच्या संस्थेचं स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल हवं आणि एका विद्यार्थिनीमागे ३ रुग्ण पडायला हवेत. दुपारी ११-१२ ला वॉर्डात एक चक्कर मारा. खाटा भरलेल्या आहेत का? मुली रुग्णांपाशी आहेत की वर्गात जर्नल उतरवतायत? मानसोपचाराची पोस्टिंग रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात खरोखर होते की नुसती कागदावर? प्रसूती किती होतात? महिन्याला दोन-चार बाळंतपणं होणाऱ्या ठिकाणी वर्गभर मुली काय शिकणार, एकमेकींचे चेहरे बघून?

"सरकारमान्य" ऐकून गप्प बसू नका. कोणाची मान्यता, ते पत्र दाखवा म्हणा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आहे का? परीक्षा कोण घेणार? एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असते, बीएस्सी नर्सिंगची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एएनएम २ वर्षं, जीएनएम ३ वर्षं, बीएस्सी ४ वर्षं. सहा महिन्यांत "नर्सिंग" शिकवणारा कोणीही असो, त्याच्या सर्टिफिकेटवर कौन्सिलमध्ये नाव लागत नाही. आणि नाव लागलं नाही तर पांढरा ड्रेस घालूनही ती नर्स नव्हे. अशा मुली गावोगावी कमी पगारावर राबतायत. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना ठेवणाऱ्यांना देते.

प्रश्न: २०२३ साली नर्सिंगचा नवा कायदा आला म्हणतात. आता डॉक्टरांसारखी नर्सनाही देशभर एकच परीक्षा द्यावी लागणार का? पुतणी नॉरसेटमध्ये नापास झाली, तिचं लायसन्स जाणार का?
– राजापूर

उत्तर: दादा, दोन वेगळ्या गोष्टींची गाठ पडलीय. नॉरसेट ही एम्सच्या नोकरभरतीची परीक्षा. त्यात नापास झाली तर एम्सची नोकरी नाही, लायसन्सला धक्का नाही. पुतणीला म्हणावं, निवांत पुन्हा बस.

कायद्याचं म्हणाल तर १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी राष्ट्रीय शुश्रूषा व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. प्रवेशाची एकसारखी पद्धत, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरची नोंदवही, संस्थांवर देखरेख असं त्यात आहे. मंडळाची किंवा विद्यापीठाची परीक्षा पास व्हायचं, मग राज्याच्या कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचं, ही आपली आजवरची वाट. एनक्लेक्ससारखी वेगळी लायसन्सची परीक्षा मध्ये नाही.

असावी का? मला वाटतं असावी. पण क्रम उलटा नको. आधी वॉर्ड, शिकवणाऱ्या ट्यूटर, खाटेपाशी होणारी प्रॅक्टिकल हे सगळं धड करा, मग रेघ ओढा. नुसतीच रेघ वर नेली तर मुंबई-पुण्याच्या क्लासवाल्यांची चंगळ होईल आणि मंडणगड-दोडामार्गच्या मुली गळतील. त्या गळाल्या की इथल्या उपकेंद्रात रात्री उभं राहायला कोण येणार आहे?

प्रश्न: मुलं लहान होती म्हणून नोकरी सोडली. कौन्सिलचं नूतनीकरण राहून गेलं. आता परत कामाला लागायचंय. पुन्हा परीक्षा द्यावी लागेल का?
– लांजा

उत्तर: नाही, परीक्षा नाही. नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करायची असते. राहिली असेल तर कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करा, उशिराची फी भरा, सीएनईच्या, म्हणजे नोंदणीनंतरही चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाच्या, तासांचं काय ते विचारून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी तेच निस्तरा. आधारवर एक आणि नोंदणीवर दुसरं नाव असलं की अर्ज अडकतो.

कागद होतील. हाताचं बघा. वॉर्डात पाऊल टाकायच्या आधी एवढं सोडवून मला पत्राने पाठवा: ५०० मिली सलाईन ४ तासांत संपवायचंय, सेटवर १ मिलीला २० थेंब छापलंय, मिनिटाला किती थेंब सोडाल? नुसता आकडा नको, मांडणीसकट हवा.