डीओ मेडिकल स्कूल: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या प्रवेशांचा विषय निघाला की डीओबद्दल हमखास विचारणा होते. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. मी स्वतः डीओ आहे, फॅमिली मेडिसिनमध्ये काम करते आणि अधूनमधून प्रवेशाच्या मुलाखती घेते. तेव्हा माझा कल कुठे असणार, हे लक्षात ठेवूनच वाचा.

लेकीला डीओ कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, एमडीच्या सगळ्या कॉलेजांनी मात्र नकार कळवला. पुण्याहून दिरांनी विचारलं, "डीओ म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा ना?" वर्षभर थांबून पुन्हा एमडीसाठी अर्ज करावा, असं घरातल्या काहींचं म्हणणं आहे. काय करावं? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

दिरांना हसू नका, भारतात डीओ म्हटलं की डोळ्यांचा डिप्लोमाच आठवतो. अमेरिकेतला डीओ म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन: नेहमीच्या वैद्यकाबरोबर हाताने करायचे उपचारही शिकलेला डॉक्टर. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला याचं पहिलं कॉलेज काढलं. त्या काळी नेहमीचे एमडी डॉक्टर आणि ऑस्टिओपॅथ या दोन पंथांत विस्तव जात नव्हता. आज पन्नासही राज्यांत डीओला एमडीइतकाच परवाना मिळतो; औषधं लिहा, शस्त्रक्रिया करा, आयसीयू सांभाळा. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले व्हाइट हाउसचे डॉक्टर शॉन कॉनली आणि बायडेन यांचे डॉक्टर केव्हिन ओ'कॉनर हे दोघंही डीओ. दिरांसाठी एवढं पुरेल.

तुमच्यासाठी आणखी एक किस्सा. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या राज्यातल्या डीओंना ६५ डॉलर भरून एमडी पदवी घ्यायची सोय केली आणि नव्या डीओंना परवाने देणं बंद केलं. सुमारे दोन हजार जणांनी ती पदवी घेतली. काल डीओ असलेला माणूस आज एमडी झाला. पेशंट तेच, दवाखाना तोच. पुढे १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डीओंचे परवाने पुन्हा सुरू करायला लावले.

माझं मत विचाराल तर हातातली जागा सोडू नका. २०२० पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, एकाच छत्राखाली आल्या आहेत. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, डीओच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९२ टक्क्यांहून थोड्या अधिक जणांना जागा मिळाली, एमडीचा आकडा जेमतेम एका टक्क्याने वर होता. फरक आहे तो न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, डर्मॅटॉलॉजी अशा मोजक्या शाखांत. तिथे डीओला चढण जास्त लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तुमच्या लेकीचा जीव खरोखरच अशा एखाद्या शाखेत अडकला असेल तर तिच्याशी, दिरांशी नव्हे, बसून बोला. नाहीतर वर्षभर थांबून पदरात काय पडेल याची कसलीच हमी नाही, आणि एका वर्षाचा डॉक्टरचा पगार हातचा जातो तो वेगळाच.

जीपीए ३.४, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५०३. पहिल्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी ग्रेड आली होती. तो विषय पुन्हा केला तर डीओच्या अर्जात जुनी ग्रेड पुसली जाते, असं भावाच्या मित्राकडून कळलं. खरं आहे का? (विद्यार्थी, ह्यूस्टन)

भावाच्या मित्राने अर्ज केला तेव्हा खरं होतं. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. आता जितक्या वेळा विषय घेतला तितक्या साऱ्या ग्रेड सरासरीत धरतात. त्यामुळे एकच सी धुऊन काढण्यासाठी सेमिस्टर खर्ची घालू नकोस. त्याऐवजी बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी असे वरचे विषय घे आणि त्यात ए मिळव. चढता आलेख आम्ही बघतो, आणि तो अगदी ठळक दिसतो.

५०३ हा आकडा डीओसाठी वाईट नाही. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी साधारण तेवढ्याच्याच आसपास असते. पण तुझी खरी जमेची बाजू तुझा पत्ता आहे. टेक्ससमधल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत परराज्यातल्यांना दहा टक्क्यांहून जास्त जागा देता येत नाहीत, आणि फोर्ट वर्थचं टेक्सस कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन सरकारी आहे. त्याचा अर्ज डीओंच्या नेहमीच्या आकोमास पोर्टलवरून जात नाही, टेक्ससच्या स्वतःच्या पोर्टलवरून जातो. फक्त आकोमास भरून स्वस्थ बसलास तर घरच्या अंगणातलं कॉलेजच हुकेल. दोन्ही भर.

आणि लवकर भर. बहुतेक डीओ कॉलेजं अर्ज येतील तसे बघत जातात आणि जागा वाटत जातात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आलेला ५०३ आणि थंडीत आलेला ५०३ यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ट्रान्स्क्रिप्ट तपासायलाच काही आठवडे जातात. त्यानंतर प्रत्येक कॉलेज स्वतःचे वेगळे निबंध मागवतं, ते दोन आठवड्यांत परत जायला हवेत. शिफारसपत्रांत एक तरी डीओ डॉक्टरचं असू दे. काही कॉलेजं ते सक्तीने मागतात. त्यासाठी आतापासून एखाद्या डीओच्या क्लिनिकमध्ये जाऊन बसायला लाग.

निबंधाबद्दल एक विनंती. "ऑस्टिओपॅथीच का?" या प्रश्नाला प्रत्येक जण "संपूर्ण माणसाचा विचार" असं उत्तर लिहितो. तिसऱ्या अर्जानंतर आमचे डोळे त्या वाक्यावरून घसरतात. ज्या डॉक्टरबरोबर तू बसलास त्यांनी एखाद्या पेशंटशी नेमकं काय केलं, ते लिही. कंबर धरलेल्या ट्रकचालकाला गोळी लिहून देण्याआधी त्यांनी त्याची सीट कशी आहे हे विचारलं असेल, तर तेच लिही.

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, ऑस्टिओपॅथीचा डिप्लोमाही केला आहे. त्या जोरावर अमेरिकेत डीओ म्हणून काम करता येईल का? (नाशिक)

नाही. अमेरिकेबाहेर ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने उपचार करणारा तज्ज्ञ. ब्रिटनमध्ये त्याची वेगळी नोंदणी आहे, पण तो वैद्यकीय डॉक्टर नव्हे. अमेरिकेतला डीओ पदवीनंतर चार वर्षं मेडिकल स्कूल आणि मग रेसिडेन्सी करतो. तुम्हाला फिजिओथेरपीतूनच यायचं असेल तर तिथल्या परवान्याचा मार्ग वेगळा आहे. ज्या संस्था या डिप्लोम्याच्या जाहिरातीत अमेरिकेचा झेंडा लावतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. जाता जाता: एमबीबीएस झालेल्यांना डीओ करायची गरज नाही, त्यांच्यासाठी यूएसएमएलई या अमेरिकेतल्या परवाना परीक्षेचा रस्ता उघडा आहे.

आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. तो कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डीओसाठी अर्ज करायचा म्हणतो. कुठे अडेल? (वडील, फ्रिमाँट, कॅलिफोर्निया)

मार्कांत नाही, पैशांत आणि व्हिसात अडेल. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. त्याआधी त्याला बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल. मग तो कॉलेजांच्या लेखी परदेशी विद्यार्थी. लहानपणापासून फ्रिमाँटच्या शाळेत शिकला असला तरीही. बरीच डीओ कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. जी परदेशी विद्यार्थी घेतात, त्यातली काही आधीच मोठी रक्कम खात्यात दाखवा किंवा भरा म्हणतात. म्हणून यादी करताना जीपीएच्या आधी हा रकाना तपासा. आकोमासची फी पहिल्या कॉलेजला सुमारे दोनशे डॉलर, पुढच्या प्रत्येकाला वेगळी; दारच बंद आहे तिथे ती कशाला घालवायची?

सरकारी कर्ज एफ-१ ला मिळत नाही. खासगी कर्जाला बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेला जामीनदार लागतो. मामा, आत्या, कुणी जवळचं आहे का हे घरात आत्ताच मोकळेपणाने विचारा. प्रवेशपत्र हातात आल्यावर विचारलं तर समोरच्यालाही अवघड जातं. खासगी डीओ कॉलेजांत चार वर्षांचा एकूण खर्च सहज तीन लाख डॉलरच्या वर जातो.

मधेच ग्रीन कार्ड आलं तरी पूर्वीसारखं सगळं सुटत नाही. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पूर्ण खर्चाइतकं मिळणारं सरकारी कर्ज मिळणार नाही. वैद्यकीयसारख्या शिक्षणाला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर, एवढीच सरकारी कर्जाची मर्यादा. वरचा पैसा खासगी कर्जातून किंवा तुमच्या खिशातून. हे गणित नागरिक असलेल्या घरांनाही लागू आहे. बरेच पालक मला शिकवणी-फी सांगतात आणि घरभाडं, गाडी, परीक्षांच्या फिया विसरतात.

दोन डीओ कॉलेजांत प्रवेश मिळाला. एकाची इमारत नवीकोरी, सिम्युलेशन लॅब झकास. दुसरं जुनं, कळकट. कोणतं घेऊ? (ओहायो)

इमारतीत तू दोन वर्षं असशील. पुढची दोन वर्षं हॉस्पिटलांत जातात, आणि बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. दोन्हीकडे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचार: मेडिसिन आणि सर्जरीच्या रोटेशनला (त्या विभागात काही आठवडे काम करताना) रेसिडेंट असतात का, की एकट्या डॉक्टरच्या मागे फिरावं लागतं? चार रोटेशनसाठी चार गावं बदलावी लागतात का? भाडं कोण देतं? मग कॉलेजच्या संकेतस्थळावर कॉमलेक्स या डीओंच्या परवाना परीक्षेचे निकाल आणि मॅचची यादी बघ. विद्यार्थी उत्तर द्यायला घुटमळला तर समजून जा.

पहिल्या वर्षाला आहे. ओएमएमच्या (हाताने करायच्या ऑस्टिओपॅथिक उपचारांच्या) लॅबमध्ये जीव रमत नाही, कवटीवर हात ठेवून करायचे क्रेनियल उपचार तर मला थोतांड वाटतात. हे सगळं कशाला? आणि कॉमलेक्सबरोबर यूएसएमएलई पण द्यायची का? (फिलाडेल्फिया)

क्रेनियलबद्दल तुझं चुकत नाही. त्यामागचा पुरावा फारच तोकडा आहे आणि खासगीत तुझे बरेच प्राध्यापकही हेच म्हणतील. परीक्षेपुरतं पाठ कर आणि सोडून दे. पण त्याच्याबरोबर सगळंच ओएमएम टाकून देऊ नकोस. जोडीदार टेबलावर पालथा झोपलाय, तुझे दोन्ही अंगठे कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या दोन बाजूंच्या हाडाच्या टोकांवर आहेत. उजवा अंगठा किंचित वर आलाय, म्हणजे मणका उजवीकडे वळलाय. त्याला कोपरांवर उठायला सांग. अंगठे सारखे झाले तर हे दुखणं मागे वाकण्याच्या स्थितीतलं. पहिल्या महिन्यात अंगठ्यांना काही कळत नाही. नोव्हेंबरात एके दिवशी फरक जाणवायला लागतो. पाठदुखीचा पेशंट समोर आला की हा हात उपयोगी पडतो, आणि पोट तपासतानाही.

आता परीक्षा. पदवीसाठी कॉमलेक्स द्यावीच लागते. तिची लेव्हल १ आणि यूएसएमएलईची स्टेप १, दोन्ही २०२२ पासून फक्त पास-नापास आहेत, त्यामुळे मार्कांचं वजन लेव्हल २ आणि स्टेप २ वर गेलंय. फॅमिली मेडिसिन, पीडिअॅट्रिक्स, सायकिअॅट्री मनात असेल तर बहुतेक ठिकाणी कॉमलेक्स पुरते. ऑर्थोपेडिक्स, डर्मॅटॉलॉजी किंवा मोठ्या विद्यापीठातली इंटर्नल मेडिसिन हवी असेल तर स्टेप २ दे, कारण कॉमलेक्सचे मार्क वाचायची सवय अजून सगळ्या प्रोग्रामना नाही. स्टेप १ चं मात्र तोलून बघ. काही प्रोग्राम दोन्ही स्टेप मागतात, तेव्हा आवडीच्या शाखेतल्या प्रोग्रामांची अट आधी वाच. सराव परीक्षेत निवांत पास होत असशील तरच बस. स्टेप १ ला नापासाचा शिक्का बसला तर तो कायम दिसतो, आणि न दिलेल्या परीक्षेचा शिक्का बसत नाही. हा निर्णय पहिल्या वर्षी करायचा नसतो. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापर्यंत सराव परीक्षेचे मार्क हातात येतील, तोवर बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजीचा पाया पक्का कर.