सुरुवातीच्या मंडळीच्या (चर्चच्या) जीवनातून आजच्या ख्रिस्ती माणसाने काय शिकावं?

या प्रश्नाला बहुतेक जण बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातून उत्तर देतात: सगळं सामाईक होतं, घरोघरी भाकर मोडत, आनंदाने जेवत. मी म्हणेन, तिथं थांबू नका, सहाव्या अध्यायापर्यंत या. तिथं भांडण आहे.

यरुशलेमात विधवांना रोज अन्न वाटलं जाई. ग्रीक बोलणारे इब्री लोकांविरुद्ध कुरकुरू लागले की वाटपात आमच्या विधवा राहून जातात. दोन्हीकडचे यहूदीच, विश्वासही एकच, फरक भाषेचा. 'तक्रारी करू नका, प्रार्थना करा' म्हणून प्रेषितांनी (येशूने नेमलेल्या पुढाऱ्यांनी) विषय मिटवला नाही. मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली. ती नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक. (ग्रीक नावं इतरांतही असत, प्रेषितांतही एक फिलिप्प आहेच. पण सातच्या सात?) ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाढप दिलं, असं मी तरी वाचतो.

ग्रीसमधल्या करिंथात तर पंगतच बिघडली. तिथलं प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतलं भोजन) म्हणजे घासभर भाकर नव्हती, पोटभर जेवण असे. ज्याच्याकडे होतं तो आधीच उरकून घेई. एक उपाशी, दुसरा झिंगलेला. ती मंडळी स्थापणाऱ्या पौलाने आधी खडसावलं आणि मग अगदी घरगुती उपाय सांगितला: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. अंत्युखिया शहरात यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली, तसा खुद्द प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) पंगतीतून बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावलं. पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

इ.स. 112 च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला ख्रिस्ती लोकांविषयी कळवतो: ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला स्तोत्र म्हणतात, पुढे पुन्हा जमून साधं अन्न खातात. खरं काढून घ्यायला त्याने ज्या दोघींचा छळ केला त्या गुलाम होत्या आणि मंडळीत 'सेविका' म्हणवल्या जात. बाहेर जिला मोल नाही तिला आत पद होतं.

पैशाचंही सांगतो. यरुशलेमसाठी गोळा केलेली वर्गणी पौल एकट्याच्या हाती ठेवत नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचांनी हा भाग कधीतरी मोठ्याने वाचावा.

आमच्या मंडळीत नाताळाच्या प्रीतिभोजनाला दवाखान्यातल्या सिस्टर दुपारची पाळी संपवून येत, तेव्हा पातेल्यात रस्सा असे, फोडी नसत. कित्येक वर्षं कोणी बोललं नाही. शेवटी एकीने पंचांच्या सभेत विषय काढला, तेव्हा काहींना ते खटकलंच, 'देवाच्या घरात मटणावरून वाद कसला' म्हणून. पुढच्या नाताळात वाढप तिच्याकडेच दिलं. पहिली पंगत बसायच्या आधी तिने एक पातेलं झाकून बाजूला ठेवलं आणि झाकणावर स्वतःची पर्स ठेवून दिली.