पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आला आहे. ईस्टरला, म्हणजे येशू मेलेल्यातून उठल्याच्या सणाला, गावच्या मंडळाने चौकात 'प्रभू येशू पुनर्जन्मदिनाच्या शुभेच्छा' असा फ्लेक्स लावला. ख्रिस्ती शेजाऱ्यांनी 'पुनरुत्थान' करून घ्यायला सांगितलं. फरक काय, आणि रोजच्या जगण्यात या शब्दाचा उपयोग काय?

शेजाऱ्यांचं बरोबर आहे. पुनर्जन्मात जुना देह सुटतो, जीव दुसऱ्या कुडीत येतो, आणि हे फिरत राहतं. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच ओळखीनिशी, देहासकट उठतो आणि पुन्हा मरत नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, असं योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो ते याचसाठी. माणसाने एकदाच मरायचं असतं, असं बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्र' या पुस्तकात (9:27) म्हटलं आहे, म्हणजे जन्ममरणाचा फेरा इथे मुळातच नाही. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजाराची गोष्ट आणखी वेगळी. चार दिवसांनी तो कबरीतून बाहेर आला, पण त्याला मरण पुढे होतंच. त्याला 'जिवंत केलं' म्हणावं. 'पुनरुज्जीवन' हा शब्द आजकाल नदी, तलाव आणि बंद पडलेल्या सूतगिरणीकडे गेला आहे, तिथेच राहू द्यावा.

येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना (पहिलं पत्र, अध्याय 15) पेरणीचा दाखला देतो: पेरतोस तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच अंग. आपल्याकडे हा दाखला लगेच पटतो आणि तिथेच घोळ होतो. तूर पेरली, तूर आली, पुढच्या मृगात परत तूर, असा फेरा शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे येतो. पौलाला फेरा सांगायचाच नाही. नाशवंत पेरलं जातं, अविनाशी उठतं, एवढाच त्याचा मुद्दा.

'शुक्रवारी वधस्तंभावर, रविवारी पहाटे उठला, मग तिसरा दिवस कसा?' हेही बरेच जण विचारतात. तेरवी मोजताना आपण मृत्यूचा दिवस धरतो ना? यहुदी मोजणीही तशीच: शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन.

रोजच्या जगण्यात याचा पहिला माग रविवार. उपासना रविवारी होते ती या घटनेमुळे. दुसरा बाप्तिस्मा: पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे नव्या चालीने चालणं (रोमकरांस 6:4). म्हणून दारू सोडलेला किंवा भावकीतलं वैर मिटवलेला माणूस मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याबद्दल बोलताना पुनरुत्थानाचं नाव घेतो. 'नवा जन्म' हा शब्दही ऐकाल (योहान 3), पण तो याच आयुष्यातल्या आतल्या बदलासाठी आहे. फ्लेक्सवाल्याची गफलत बहुधा तिथूनच झाली असावी.

सगळ्यात जास्त कस लागतो तो मयतीला. प्रेत पुरतात, कारण विश्वास देहाच्या पुनरुत्थानावर आहे, नुसत्या आत्म्याच्या अमरत्वावर नाही. शोकपत्रिकेत 'कै.' लिहू नका; ते 'कैलासवासी'चं लघुरूप आहे. 'ख्रिस्तवासी' चालतं. 'प्रभूमध्ये निजले' हेही रूढ आहे, आणि 'निजणे'ला 'उठणे' अचूक जुळतं.

आता लेखन. पुनर् + उत्थान, म्हणून 'रु' ऱ्हस्व. 'पुनरूत्थान' आणि 'पुनरुथ्थान' ही दोन्ही रूपं फ्लेक्सवर सर्रास दिसतात, दोन्ही चूक. छापायला देताना 'त्था' मोठ्या अक्षरात लिहून द्या, नाहीतर डीटीपीवाला हमखास घसरतो. बोलताना एवढ्या जोडाक्षराची गरजच नाही. 'प्रभू उठला आहे', त्यावर उत्तर 'खरोखर उठला आहे'. इथे एकवचन अनादराचं नाही, आपण 'विठोबा आला' म्हणतो तसंच ते. हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे 'जी उठला' ऐकू येतं. मराठीत 'जिवंत झाला' आहे, ते वापरा. फ्लेक्सवर 'पुनरुत्थान दिनाच्या शुभेच्छा' किंवा सरळ 'ईस्टरच्या शुभेच्छा' लिहा. तारीख मात्र दरवर्षी विचारून घ्या, कारण ती 22 मार्च ते 25 एप्रिल यांमध्ये सरकते.