आइसलंडमध्ये भाड्याच्या गाडीला सीडीडब्ल्यू (धडकेच्या नुकसानीतला तुमचा वाटा मर्यादित करणारं कव्हर) असताना काउंटरवर सुचवतात तो जादा विमा घ्यावा का?

ग्रॅव्हल प्रोटेक्शन (उडालेल्या खडीने होणाऱ्या नुकसानीचं कव्हर) नक्की घ्या, बाकीचं मार्ग पाहून ठरवा. भाड्यात धरलेला सीडीडब्ल्यू म्हणजे पूर्ण विमा नव्हे. ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्याच खिशातून जातं आणि त्यासाठी क्रेडिट कार्डावर बहुधा आधीच पैसे अडकवून ठेवतात. खडी उडून तडकलेली काच, वाळू-राखेने खरवडलेला रंग हे तिथल्या करारांत सहसा अपवादांच्या यादीत असतं. दक्षिण किनाऱ्याने वीक गावाकडे जाणार असाल तर वाळू-राखेचंही कव्हर बघा. मात्र वाऱ्याने उलटा फिरून बिजागरीतून वाकलेला दरवाजा किंवा नदी ओलांडताना इंजिनात शिरलेलं पाणी बहुतेक कंपन्या कुठल्याच पॅकेजात धरत नाहीत, कितीही महागडं घेतलंत तरी. त्यामुळे गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार हाताने धरूनच उघडा.