हेलसिंकीला निघालीस, तर आधी बूट

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हॉस्टेल कुठलं स्वस्त, नूडल्सची पाकिटं किती न्यायची, विमानतळावर रात्र काढता येईल का, सगळं विचारलंस. बुटांबद्दल मात्र एकच ओळ: ‘जर्मनीत वापरते ते स्पोर्ट्‌स शूज चालतील ना?’ नाही चालणार. जानेवारीतल्या हेलसिंकीत तर नाहीच.

खोलीचं भाडं रात्रीला एकदा द्यावं लागतं, थंडीचं दर तासाला. पाय गारठले की माणूस दिसेल त्या कॅफेत शिरतो, कॉफीला चार-पाच युरो मोजतो आणि तासाभराने पुन्हा तेच. पाय कोरडे असले की हेच महागडं शहर बरंचसं फुकट. संसदेसमोरच्या ओदी ग्रंथालयात हवं तेवढं बस, कुणी कार्ड मागत नाही. बेटांवरच्या सुओमेनलिन्ना किल्ल्याची बोट ट्रामच्याच तिकिटावर जाते. कामाच्या दिवशी अकराच्या सुमाराला ‘लौनास’ गाठ. ऑफिसवाल्यांचं ते दुपारचं पोटभर जेवण, रात्री मग पाव-चीज पुरतं. पाणी नळाचंच पी. पायान्ने सरोवरातून १२० किलोमीटरच्या बोगद्याने येतं ते. बाटली विकत घेतलीस तर खरंच रागवेन.

पण आधी बूट! दिवसा बर्फ वितळून राड होते, रात्री तीच गोठून काच होते. पालिका बारीक खडी टाकते, तरी साध्या सोलचा पाय सरकतोच.

एकदा सुओमेनलिन्नाला जाताना बर्फाचे तुकडे बोटीच्या पत्र्यावर ठकठक आपटत होते, आम्ही कठड्याला चिकटून बघत होतो. किल्ल्यावर उतरलो आणि सोबतिणीचे मोजे भिजले. तिने बूट काढला तर बोटं पांढरी पडलेली. तटबंदी न बघताच परतीची बोट धरली. तीन वाजून गेले की तिथे सूर्य मावळतो, दुसरा प्रयत्न करायला उजेडच उरत नाही. ती तटबंदी राहिली ती राहिलीच, अजून हळहळ वाटते.

विमानाच्या तिकिटापेक्षा महाग बूट घेतले म्हणून घरचे मला उधळी म्हणाले. म्हणू देत. डॉर्ममध्ये झोपले, डबा बांधून फिरले, पण बुटांत काटकसर केली नाही आणि करणारही नाही. तूही करू नकोस.

ऑनलाइन मागवू नकोस, दुकानात जा. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड लोकरीचे मोजे घालूनच माप घे आणि आत बोटं हलतात का ते बघ. हलत नसतील तर सेलमध्ये असले तरी ठेवून दे.

तुझी,
मावशी